शिक्का कोणी ऐकला

गोंदियाहून नागऱ्याकडे जाताना डाव्या हाताला एक राईस मिल लागते. तिच्या वजनकाट्यावर यादोराव पाथोडे सत्तावीस वर्षं बसत होता. धानाचा ट्रक आला की खिडकीतून हात बाहेर काढायचा, "घे पुढे, घे, घे, बस! इंजिन बंद कर," म्हणायचा, आकडा वाचायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारी वाक्यं एवढीच. बोलण्याची हौस मात्र दांडगी. तरुणपणी त्याला झाडीपट्टीच्या नाटकात जायचं होतं. गावच्या मंडळाने एकदा हवालदाराचं काम दिलं. दोन वाक्यं होती. पहिलं म्हणून झालं आणि लाइट गेली. आली तेव्हा पुढचा प्रवेश सुरू झाला होता. पण हीच गोष्ट तो अशी रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला सबंध नाटक पाहिल्यासारखं वाटे.

त्याची खरी रंगभूमी म्हणजे दुपारची जेवणाची सुट्टी. काटाघराच्या मागच्या पडवीत चौघे डबे घेऊन बसत. यादोराव, हमालांचा मुकादम भैय्यालाल, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी अल्का मेश्राम आणि मिलचा फिटर हिमांशू रहांगडाले. भैय्यालाल यादोरावच्याच वयाचा, मूळचा छत्तीसगडकडचा. अल्का आणि हिमांशू तिशीच्या आतबाहेर. डब्यात काय आहे याची चौकशी एका मिनिटात आटपे आणि मग विषय निघे तो आदल्या संध्याकाळच्या 'साहेब फिरतीवर'चा.

ही मालिका मोजणी कार्यालयातली. साहेब कधीच जागेवर नसतात, कारण ते सदा फिरतीवर. मागे राहतात ते हेडक्लार्क दळवी, ज्यांचं बोलणं सुरू झालं की संपत नाही. शिपाई पांडबा, जो आलेल्या माणसाला चुकीच्याच टेबलावर पाठवतो. टायपिस्ट मिस परेरा. आणि कोपऱ्यात आवक-जावकवर बसलेला नाडगौडा. हा नाडगौडा जवळजवळ मुका. पत्रांवर शिक्के मारतो, बस.

"पांडबा के बिना सीरियल में कुछ नहीं," भैय्यालालचं ठाम मत होतं. "उसको मालूम है कौनसा टेबल सही है. फिर भी गलत भेजता है. मेरे जैसा है."

"तुमी कायले चुकीच्या जागी पाठवता?" अल्का विचारी.

"अरे, सही जगह भेजूंगा तो फिर मुझे कौन पूछेगा?"

सगळे हसत. अल्काला मिस परेरा आवडे, हिमांशूला दळवी. आणि कोणाचं बरोबर हे ठरवायचा मान न सांगता यादोरावकडे होता. तो दळवींसारखं पोट पुढे काढून दोन वाक्यं म्हणायचा, पांडबासारखा अंगठा उलटा दाखवायचा, आणि ज्यांनी भाग पाहिलेला असे तेही नव्याने हसत. त्या अर्ध्या तासासाठी यादोराव साडेतेवीस तास काढत होता म्हटलं तरी चालेल.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्याने डबा बाजूला सरकवला आणि सावकाश म्हणाला, "तुमी सारे दळवी दळवी करून राहिले. पण खरा इनोदी मानूस कोन? नाडगौडा."

"तो तं बोलतच नाई भाऊ," हिमांशू म्हणाला.

"म्हनूनच तं. आता ध्यान देऊन आयक. त्याचा शिक्का कवा वाजते? दळवी म्हनते, 'साहेबांचा आत्ताच फोन आला होता' — ठप्प! पांडबा म्हनते, 'तुमची फाइल सापडत नाही' — ठप्प! कोनी खोटं बोललं का त्याचा शिक्का वाजते. खरं बोलन्यावर एकदाही नाई."

अल्काने तिथेच मोबाइलवर जुना भाग लावला. चौघे डोकी एकत्र करून पाहू लागले. मिस परेरा म्हणाली, "मला बरं वाटत नाहीये, अर्धा दिवस रजा हवी." ठप्प! भैय्यालालला हसता हसता ठसका लागला. अल्काने आणखी दोन भाग पाहिले. एकदाही चूक निघाली नाही.

"काकाजी, हे कसं काय समजलं तुमाले?" अल्काच्या डोळ्यांत नवल होतं.

"नजर पायजे पोरी, नजर," यादोराव म्हणाला.

आठ दिवस मिलमध्ये हाच खेळ. कोणी उशिरा येऊन "गाडी पंक्चर झाली" म्हटलं की हमाल पोत्यावर हात मारत, ठप्प! शेठजींपर्यंत गोष्ट गेली. यादोराव काट्यावर बसून आकडे वाचायचा तेही एरवीपेक्षा मोठ्याने.

मग एका सकाळी अल्का धावत काटाघरात आली. "काकाजी, हिमांशूचं पाहिलं का?"

फेसबुकवर मालिकेच्या चाहत्यांचा मोठा ग्रुप होता. कोण किती विनोदी, कोणाचं पात्र मागे पडलं, कोणाचं लग्न कोणाशी व्हावं, यावर तिथे रोज वाद चालत. हिमांशूने तिथे नाडगौडाच्या शिक्क्याबद्दल लिहिलं होतं. 'माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट' असं वर लिहून. खाली हजारांनी अंगठे. आणि त्यात मालिकेच्या लेखिकेचं उत्तर: 'चौदा महिने आम्ही वाट पाहत होतो, कोणाच्या लक्षात येतं. तुम्ही पहिले. आमच्या तीनशेव्या भागाच्या कार्यक्रमात कलाकारांशी बोलायला याल का?'

यादोरावने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. 'माझ्या लक्षात आलेली.' बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याला ऐकू आला नाही.

दुपारी हिमांशू पडवीत आला तेव्हा थोडा वरमलेला होता. "भाऊ, म्या असंच टाकलं होतं. एवढं होईन असं वाटलं नोयतं."

"चांगलं झालं ना गा," यादोराव म्हणाला. "नाव झालं तुहं."

त्याला वाटलं, आता अल्का बोलेल, भैय्यालाल बोलेल, अरे हे तर यादोरावचं होतं. भैय्यालालने हिमांशूच्या पाठीवर थाप मारली. अल्का विचारत होती, कार्यक्रमात कोणता शर्ट घालणार. यादोरावने अर्धा खाल्लेला लाखोरीच्या डाळीचा वडा डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

त्यानंतर त्याला हिमांशूचं सगळंच खुपू लागलं. त्याचं शीळ घालणं, खिशातला पाना, हमालांनी त्याला 'हिरो' म्हणून हाक मारणं. शेठजींनी स्वतः मशीनवर जाऊन त्याला पेढा दिला. सत्तावीस वर्षांत शेठजी काटाघरात आले होते ते फक्त काटा बिघडल्यावर. एका स्थानिक पेपरात हिमांशूचा फोटो आला. यादोरावने तो पेपर घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून पुन्हा काढला, फोटो खालच्या बाजूला करून परत घातला. डबा तो आता काटाघरातच खाऊ लागला. गाड्यांची गर्दी आहे, असं सांगून. गाड्या नव्हत्या.

चॅनलवाले फोन करणार होते आणि मिलच्या टिनाच्या शेडमध्ये टॉवर येत नव्हता. सोमवारी हिमांशू मोबाइल घेऊन खिडकीपाशी आला.

"भाऊ, तुमच्या इथं रेंज राहते. फोन ठेवू का? वाजला तं आवाज द्या. कवा येईन सांगता येत नाई."

"ठेव."

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. हिमांशू तेव्हा धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरला होता. हाक मारली असती तर दोन मिनिटांत वर आला असता. यादोरावने खिडकीतून बाहेर पाहिलं. भैय्यालालची माणसं पलीकडच्या गोदामात होती. डोक्यावरून बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. त्याने फोन उचलला.

"हिमांशू रहांगडाले बोलताय का?" मुलीचा आवाज, मुंबईचा, घाईचा.

"नाई. तो इथं नाई आता."

"मग कुठे भेटतील?"

"रायपूरले गेला. काम सोडून. फोन इथंच टाकून गेला."

बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. इतकं सरळ, न अडखळता त्याच्या तोंडून निघालं होतं.

"अरेरे. बरं, त्यांच्याशी बोलणं झालं तर हा नंबर द्या. शनिवारी सकाळी आम्ही यादी पक्की करतोय. लिहून घेता?"

मुलीने आकडे सांगितले. सत्तावीस वर्षांच्या सवयीने यादोरावच्या हाताने ते वजनाच्या चिठ्ठीच्या पाठीवर उतरवले. फोन ठेवल्यावर त्याने मोबाइलमधून तो कॉल पुसून टाकला. चिठ्ठी मात्र खिशात राहिली.

त्या दुपारी त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली. छान जेवला. पण त्याच संध्याकाळी हिमांशूने विचारलं, "आला का जी फोन?" गुरुवारी तीनदा विचारलं. शुक्रवारी तो इस्त्रीचा निळा शर्ट पिशवीत घालून आला, व्हिडिओवरच बोलायचं झालं तर असावा म्हणून, आणि ती पिशवी त्याने ग्रीस लागू नये म्हणून काटाघरातल्या खिळ्याला टांगली. दर ट्रकच्या वेळी यादोरावच्या डोळ्यांसमोर ती पिशवी.

"भाऊ, आला तं सांगाल ना?"

"काऊन नाई सांगीन? मी काय तुहा दुश्मन आहो?"

शुक्रवारी यादोराव घरी आला तो कुरकुरतच. नागऱ्याच्या त्याच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागे स्वयंपाकघर. मध्ये भिंत, आणि भिंतीला दार नसलेली चौकट. रुक्माबाई, त्याची बायको, मालिकेच्या वेळी गॅसपाशी असायची. तो पाहायचा, ती पोळ्या लाटायची. त्या दिवशी भाग संपल्यावर त्याने टीव्ही बंद केला आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "माहं बोलनं चोरलं त्या पोट्ट्यानं."

"कोन्या?"

"हिमांशूनं. नाडगौडाचा शिक्का. खोट्यावर वाजते म्हनून. म्या पयलांदा सांगितलं सगळ्यायले. आन् आता पेपरात फोटो त्याचा. लेखकीन त्याले बोलावून राहिली. म्या काय आयुष्यभर आकडेच वाचू?"

रुक्माबाईने तव्यावरची पोळी उलटली. मग गॅस बंद केला, हे ती सहसा मध्येच करत नसे.

"तुमचं होतं ते?"

"मंग कोनाचं?"

"वसुबारसेच्या दिवशी मी अनरसे तळत होती. तुमी इथंच बसले होते. मी म्हटली, तो शिक्का ठोकनारा मानूस कोन हाय, कोनी खोटं बोललं का ठोकते. तुमी म्हनाले, हूं. आन् म्हनाले, एक अनरसा दे."

यादोराव ताट सरळ करू लागला. ते सरळच होतं.

"मी तं टीव्ही पाहातच नाई," ती म्हणाली. "इथून दिसते कुठं? मी आयकते. तुमी त्याचं पोट पाहता, अंगठा पाहता. माह्याकडे निस्ता आवाज येते. म्हनून मले समजलं. तुमाले कसं समजन?"

यादोराव आठवू लागला. शिक्का आपण स्वतः कधी पकडला, कोणत्या भागात, कोणत्या वाक्यावर? त्याला एकही वाक्य आठवेना. आठवला तो गरम अनरसा, जिभेला बसलेला चटका आणि चौकटीतून आलेला आवाज. दिवाळी उलटल्यावर पडवीत तीच गोष्ट त्याच्या तोंडून निघाली होती, आणि निघाली तेव्हाच त्याची झाली होती.

"मंग तवा काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? तुमी जाऊन सांगितलं म्हनून मले कुठं माहीत होतं?" ती आता त्याच्याकडे पाहत होती. रागाने नव्हे, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "चार मानसं हसले असतील. घरी येऊन एवढं तरी सांगाचं होतं, रुक्मा, तुह्या बोलन्यावर लोक हसले. तुमाले फोटो पायजे होता. मले तं तेवढंच पुरलं असतं."

तिने पोळी ताटात वाढली आणि पुन्हा गॅस पेटवला. यादोराव जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. फोनची गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. धीर झाला नाही.

शनिवारी तो मिल उघडायच्या आधी पोचला. आठला त्याने चिठ्ठी काढून स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. कोणी उचलला नाही. सव्वाआठला नाही, साडेआठला नाही. नऊला ती मुलगी बोलली.

"मॅडम, तो हिमांशू इथंच हाय. रायपूरले गेला नाई. म्या खोटं सांगितलं होतं."

"काका, यादी रात्रीच पाठवावी लागली. आम्ही जळगावच्या एका ताईंना घेतलं."

"एक जागा वाढवता येत नाई का?"

"नाही हो. सॉरी."

हिमांशू साडेनऊला आला, सवयीने खिडकीपाशी थांबून मोबाइल ठेवला. "भाऊ, आज शनवार. आज तं येईनच."

यादोराव खुर्चीवरून उठला. काटाघराच्या बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "फोन बुधवारीच आला होता. म्याच उचलला. तू काम सोडून गेला म्हनून सांगितलं. आज खरं सांगाले फोन केला तं यादी झाली होती."

हिमांशूला आधी कळलंच नाही. तो हसला, यादोराव गंमत करतोय असं समजून. मग हसू गेलं.

"काऊन भाऊ?"

"जळलो."

"तुमचं नाव नाई टाकलं म्हनून?"

"हो."

हिमांशूने खाली पाहिलं. "मले माहीत होतं ते तुमचं होतं. टाकाले पायजे होतं. पन तुमचं नाव टाकलं असतं तं मले कोन इचारलं असतं?" त्याचा आवाज चढला. "तरी म्या तुमच्या भरोशावर फोन ठेवला होता! चार दिवस रोज इचारून राहिलो तुमाले!"

"माहं पन नोयतं ते," यादोराव म्हणाला. "आमच्या घरच्यांनं पकडलं होतं. रुक्मानं. म्या तिचं उचललं, तू माहं उचललं."

हिमांशूने खिळ्यावरची पिशवी काढली, मोबाइल उचलला आणि शेडकडे निघून गेला. यादोरावला वाटलं होतं त्याने शिव्या द्याव्यात, चारचौघांत तमाशा करावा. तसं झालं नाही. दुपारपर्यंत मिलभर गोष्ट झाली मात्र. हमाल काट्यापाशी आले की बोलणं थांबवत. भैय्यालाल एकदाच बोलला, "बहुत गलत किया यार." तेवढंच.

अल्काने मात्र यातली दुसरीच बाजू धरली. रविवारी ती स्कूटी घेऊन नागऱ्याला हजर. "काकू, तुमी टीव्ही न पाहता कसं आयकता, मले दाखवा."

रुक्माबाई आधी लाजली. मग अल्काने मोबाइलवर जुना भाग लावला आणि मोबाइल पालथा ठेवला. रुक्माबाई भाजी निवडता निवडता सांगू लागली: "हे परेराबाईचं ड्रॉवर. खुश असली का एका झटक्यात लागते, राग आला का दोनदा करकरते. दळवी घाबरला का चहा फुरक्या मारून पेते. आन् पांडबाची एक चप्पल वाजते, एक नाई. कायले म्हनून इचारा, मले नाई माहीत." अल्काने तिचं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. शिक्काही मुळात हिनेच ऐकला, हेही लिहिलं. त्यावर हिमांशूने स्वतः खाली लिहिलं: 'हे खरं आहे. मी दुसऱ्याचं लिहिलं होतं.'

लेखिकेचं उत्तर आलं नाही. पुढे कार्यक्रमही होऊन गेला. पण ग्रुपातल्या बाया रुक्माबाईला रोज विचारू लागल्या, काकू, आजच्या भागात काय ऐकलं? अल्का संध्याकाळी तिला फोन लावायची, ती हातातलं लाटणं न सोडता पाच मिनिटं बोलायची. यादोराव पुढच्या खोलीत बसून ऐकायचा. बायकोचं बोलणं ऐकून अल्का तिकडे खळखळून हसे, आणि इकडे यादोरावला ते पूर्वीसारखंच खुपे. आता तर घरातच. कधी त्याला वाटे, चौकटीतून डोकं घालून आपणही पोट काढून दळवींचं एखादं वाक्य टाकावं. एकदा टाकलंही. फोनवर कोणी हसलं नाही. रुक्माबाई म्हणाली, "ते पाहून हसाचं हाय, अल्का. आयकून नाई हसू येत." आणि पुढे बोलू लागली.

त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "तुमाले बरं नाई वाटून राहिलं का?"

"नाई," तो म्हणाला. "जरा जळून राहिलो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. आपल्यावर कोणी जळावं, आणि तेही याने, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडवीत हिमांशू दोन-तीन महिने आला नाही. मशीनपाशीच खायचा. मोबाइल पुन्हा कधी त्याने काटाघराच्या खिडकीत ठेवला नाही, रेंज नसली तरी. होळी झाल्यावर एका दुपारी भैय्यालाल त्याचा डबाच उचलून घेऊन आला, म्हणून मागोमाग तो आला. यादोरावपासून लांब, अल्काच्या पलीकडे बसला. डबे निम्मे झाले. अखेर यादोरावच म्हणाला, आवाज खाली ठेवून, "काल दळवी कपाटात अडकला ते चांगलं केलं त्यायनं. आमच्या घरी रुक्मा म्हने—"

"काय चांगलं?" हिमांशूने मान वर न करता म्हटलं. "कपाटात अडकनं म्हनजे इनोद हाय का? सुचलं नाई म्हनून कोंबलं त्याले."

"असं कसं? आतून किल्ली मागत होता तो!"

"मंग? किल्ली मागितली म्हनजे झालं?"

"तुले दळवी आवडते ना? मंग?"

"आवडते म्हनून का काईबी चालवून घ्याचं?"

यादोरावचा आवाज चढला, हिमांशूचा त्याहून. अल्का मध्ये पडली तर दोघांनी तिलाच गप्प केलं. वाद अर्धवट राहिला, कारण फाटकापाशी धानाच्या तीन गाड्या उभ्या होत्या आणि भैय्यालाल दोघांच्याही नावाने ओरडत होता.